व्हर्ना ओढ्यात का नाचली

व्हर्ना अँटोन भर दुपारी कोरड्या ओढ्यात नाचत होती, ही बातमी सरहद्दीच्या गस्तवाल्यांनी पेट्रोल पंपावर सोडली आणि वस्तीत येईतो तिच्या हातात बाटलीही आली. नाचली नाही हो. आणि बाटली होती ती पाण्याची, रिकामी.

त्या दिवशी मुलगी तिला आणि तिच्या नवऱ्याला, लिअँडरला, ट्रकने टेकाडावर सग्वारो निवडुंगाच्या फळांसाठी सोडून गेली. न्यायला संध्याकाळी येणार होती. या लिअँडरला खालची फळं फळं वाटतच नाहीत. लांब काठी उंचावून, मान वर करून तो मागे सरकला आणि बिळात पाय जाऊन मांडीचं हाड मोडून पडला. फोनला तिथे रेंज नाही. निवडुंगाच्या सावलीत माणूस मावत नाही. दुपारी पाणी संपलं, त्याचा घाम थांबला, आणि तो आपल्या मेलेल्या भावाशी गुरांबद्दल बोलू लागला. संध्याकाळपर्यंत हा टिकत नाही, हे व्हर्नाला कळलं.

टेकाडाखालच्या ओढ्यात गस्तवाल्यांनी पावलांची चाहूल घेणारे सेन्सर पुरलेत. जागा गुपित आहेत, म्हणजे आमच्या गाईंनाही पाठ आहेत. व्हर्ना जवळच्या सेन्सरवर पाय आपटत राहिली; नाच म्हणतात तो हाच. कोणी आलं नाही.

मग तिला हिवाळ्यात खाल्लेली बोलणी आठवली. चुकलेली गाय शोधत ती ओढ्याने येत होती, तर गस्तीच्या गाड्या तिच्यावरच चालून आल्या. त्यांच्यातला डायर नावाचा पोरगा करवादला होता, की एकटा सेन्सर वाजला तर आम्ही गाय समजून सोडून देतो. पण सरहद्दीकडून एकामागून एक तीन वाजले, तेही माणसाच्या चालीने, की संगणक त्यांची ओळ जुळवतो आणि आम्हाला धावावं लागतं.

म्हणजे नवऱ्याकडे पाठ करून आधी सरहद्दीकडे जायचं, आणि तिथून चालत यायचं. चालतच. पळाली तर हरीण समजतील. लिअँडरचं बोलणं मागे बारीक होत गेलं, मग ऐकूच येईना, आणि व्हर्ना दात आवळून बाजाराला निघाल्यासारखी पावलं टाकत राहिली. तिसऱ्या सेन्सरवरून परत खाली सरहद्दीकडे, पुन्हा वर. दुसऱ्या फेरीत ती रडत होती, पण चाल बदलली नाही.

गाड्या आल्या. बाकीचे लोक कुठे लपलेत, हा डायरचा पहिला प्रश्न. तिने त्याला मनगट धरून टेकाडावर लिअँडरकडे ओढत नेलं.

लिअँडर वाचला, आपण कुठल्या फळासाठी पडलो ते आता इस्पितळात नर्सांना हात उंच करून दाखवतो. तिथेच डायरने व्हर्नाला खडसावलं, की ती यंत्रं तुम्हाला हाका मारण्यासाठी पुरलेली नाहीत.

व्हर्ना म्हणाली, "मग बाळा, हाक मारायला तुम्ही आम्हाला दुसरं काय दिलंय?"