प्रभूच्या बाजूचा फ्लॅट

प्रभू येशूच्या दुसऱ्या येण्यामुळे माझा हाताशी आलेला एक सौदा फिसकटला. प्रभू अजून आलेला नाही. सौदा मात्र गेला तो गेलाच.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. (तक्रार म्हणूनच सांगतोय. पण आमच्या धंद्यात आधी 'नाही' म्हणायची पद्धत आहे.)

माझा धंदा ऑफिसांच्या खिडक्यांना ब्लाइंड्स बसवण्याचा. नगरहून दिल्लीला आलो तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात पडद्याचं कापड मोजून फाडत होतो. मग देशाचे दरवाजे उघडले, परदेशी कंपन्या आल्या, नोएडात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि काचेतून ऊन आत येतं हे साहेबलोकांना आत जाऊन बसल्यावर कळलं. त्या वेळी दारात मी उभाच होतो!

हे सगळं मी एका नियमावर उभं केलं: गरज दाखवायची नाही. दुकानात आवडलेल्या वस्तूकडे बघायचंसुद्धा नाही. शेजारच्या वस्तूचा भाव विचारायचा. सुनीताला बघायला गेलो तेव्हाही मी सगळा वेळ तिच्या भावाशी क्रिकेटवर बोलत होतो. ("म्हणूनच बाबांना वाटलं, मुलगा सालस आहे," असं ती अजून म्हणते. ज्या सुरात म्हणते तो सूर छापता येत नाही.)

आणि अशा माणसाच्या आईला आपली गरज सगळ्या जगाला सांगायची सवय!

आई प्रभूची वाट बघते. तसे आम्ही सगळेच ख्रिस्ती लोक बघतो. रविवारी, उपासनेत, जमेल तशी. आई रोज बघते. पहाटे उठायचं, इस्त्रीची पांढरी साडी नेसायची आणि पूर्वेकडे तोंड करून बसायचं. "आज येईल बरं का, विजू." संध्याकाळी तीच साडी घडी घालताना म्हणायचं, "बरं. उद्या." आवाजात निराशेचा लवलेश नाही. दूधवाला आला नाही तर ती याहून जास्त चिडायची. लोणचं घालायचं ते पंधरा दिवसांपुरतं. आम्ही फ्रीज घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "माताजी, पाँच साल की गारंटी है." आई म्हणाली, "पाँच साल? इतना टाइम कहाँ लगेगा!" दुकानदाराला वाटलं, ही फ्रीजबद्दल बोलतेय. त्याने घाबरून सोबत एक पंखा फुकट दिला.

(तेव्हा मला वाटलं, आई सौद्याला न्यायच्या कामाची आहे. हा गैरसमज पुढे नडला.)

तेव्हा आम्ही दिल्लीत मुनिरक्यात भाड्याने राहत होतो. तिथे खिडकीतून हात काढला तर समोरच्या घराच्या भिंतीला लागायचा. पूर्वेच्या बाजूला होती ती शेजारच्या गच्चीवर राहणाऱ्या यूपीएससीवाल्या पोरांची वाळत घातलेली बनियनं. त्या बनियनांच्या फटींतून आई आकाश शोधायची.

"विजू, प्रभू मेघांवर बसून येणार. एवढं मोठं येणं! आणि मी काय बघणार? बनियन?"

"आई, अख्ख्या जगाला दिसणार आहे ना तो? मग मुनिरक्यालाही दिसेल."

"आधी मुनिरक्याला आकाश तरी दिसू दे," आई म्हणाली. "मी सांगून ठेवते. नव्या घरात पूर्व नसेल तर मी नगरला परत जाईन. तिथे अंगणात खाट टाकली की सगळं आकाश आपलं."

ती जाईल हे मला ठाऊक होतं. आई धमक्या देत नाही, तिकीट काढते. आणि आई गेली तर माझ्या घरात माझी बाजू घेणारं कोणी उरणार नव्हतं. (सुनीता म्हणते, आईंनीही ती कधी घेतलेली नाही. असो.)

आमचा नंबर लागला होता मयूर विहारच्या एका हाउसिंग सोसायटीत. कोणाला कुठला फ्लॅट ते सोडतीने ठरणार होतं. सेक्रेटरींनी स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. मला आला चौथा मजला, पश्चिमेकडचा. आणि त्याच मजल्यावर, बरोबर समोरच्या दाराचा, पूर्वेकडचा फ्लॅट आला खुरानाजींना. शिवाय झाकलेली पार्किंगही त्यांनाच! देव देतो तेव्हा खुरानांना देतो.

घरी येऊन सांगितलं. आईने पलंगाखालची ट्रंक ओढून बाहेर काढली.

"आई, थांब! ताबा मिळेपर्यंत आपापसात अदलाबदल करता येते. मी बघतो."

"काय बघतोस? सरळ जाऊन माग त्यांच्याकडे."

सरळ जाऊन माग! माझ्या अंगावर काटा आला.

पुढच्या रविवारी सगळे सभासद आपापले रिकामे फ्लॅट बघायला गेले होते. खुरानाजी मोटारीच्या सुट्या भागांचे व्यापारी. गोल, हसतमुख, बोटांत चार अंगठ्या. बरोबर त्यांची बायको, भाभीजी. मी त्यांच्या पूर्वेकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"मुबारक हो, साळवे जी! पड़ोसी बन गए!"

"हाँ जी. आपका भी ठीक ही है," मी सुस्कारा टाकून म्हणालो. "हमें तो जमनाजी मिल गईं."

"जमनाजी?"

"बाल्कनी से सीधे दर्शन. सुबह उठो, हाथ जोड़ो, बस."

(आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हे ऐकलं असतं तर मला देवळाच्या पायरीवर उभं केलं नसतं.)

दोघंही माझ्या बाल्कनीत आले. लांब, काकड्यांच्या शेतांपलीकडे, यमुना नदीची एक बारीकशी रेघ चकाकत होती. वारा नदीकडून येत नव्हता, हे माझं नशीब. भाभीजींनी लगेच हात जोडले. मग नवराबायकोची कोपऱ्यात कुजबुज झाली आणि खुरानाजी अंगठ्या फिरवत माझ्याकडे आले.

"साळवे जी, बुरा ना मानो तो... आपस में बदल लें?"

या ठिकाणी कोणताही शहाणा माणूस 'हो' म्हणतो. पण मासा गळाला इतक्या पटकन लागला की माझ्या डोक्यात एकदम ती झाकलेली पार्किंग आली. मी मान हलवली.

"मैं तो आज बदल दूँ जी. पर माँ नहीं मानेगी. जमनाजी में उसकी जान है."

(माझी आई त्या घडीला मुनिरक्यात बनियनांकडे बघत बसली होती.)

"हाँ, अब अगर पार्किंग भी साथ में हो," मी हळूच म्हणालो, "तो शायद मैं उसको समझा सकूँ..."

"आप क्यों समझाओगे?" भाभीजी म्हणाल्या. "माताजी को ले आओ अगले इतवार. मैं खुद हाथ जोड़ के बात करूँगी."

हा डाव माझ्यावर धंद्यात कोणी टाकला नव्हता.

आठवडाभर मी आईची तयारी करून घेतली.

"आई, तू फक्त बसायचं. पूर्व हा शब्द काढायचा नाही. प्रभूचं नाव नाही."

"प्रभूचं नाव नाही?"

"फक्त अर्धा तास!"

"आणि त्याच अर्ध्या तासात आला तर?"

"तर खुरानांकडेच भेट होईल, आई," सुनीता पोळी लाटत म्हणाली. "चहा असेलच."

"तू मध्ये बोलू नकोस! आई, त्या विचारतील, जमनाजी सोडताना वाईट वाटतं का? तू नुसता सुस्कारा टाकायचा. असा." मी सुस्कारा टाकून दाखवला.

"पोटात दुखतंय का रे?" आईने विचारलं.

रविवार उजाडला. खुरानांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, चुन्याच्या वासात, भाभीजींनी बाल्कनीत सतरंजी अंथरली होती. थर्मासमध्ये चहा, डब्यात मठरी. आई पांढऱ्या साडीत. (तिला आदल्या रात्री सांगितलं होतं, रंगीत नेस. "आणि उद्याच आला तर?")

आई बाल्कनीत पाऊल टाकून जी थांबली ती थांबलीच. समोर काही नव्हतं. म्हणजे गाझीपूरकडच्या कचऱ्याच्या ढिगावर घारी फिरत होत्या, पलीकडे नोएडाच्या अर्धवट इमारती होत्या. पण त्यांच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नुसतं आकाश! आईने दोन्ही हातांनी कठडा धरला. मी खाकरलो. सुस्काऱ्याची खूण केली. आईचं लक्ष नाही.

भाभीजींनी तिचा हात हातात घेतला. "माताजी, आप बताओ. जमनाजी छोड़ने का दुख तो नहीं होगा?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"झूठ मेरे को आता नहीं," आई म्हणाली. "जमनाजी का मेरे को कुछ मालूम नहीं. मैंने देखा भी नहीं. मेरे को ये बाजू मंगता. प्रभू इधर से आनेवाला है."

खुरानाजींची मठरी हवेतच राहिली.

"कौन-से प्रभु, माताजी?"

"येशू प्रभू. पर आएगा सबके वास्ते. बादल पे बैठ के."

"कब?"

"वो बताया नहीं उसने. आज भी आ सकता है."

भाभीजींनी ओढणी डोक्यावर घेतली. चपला काढून आत ठेवल्या. मग आकाशाकडे बघत नवऱ्याला म्हणाल्या, "सुनो जी. फ्लैट नहीं बदलना."

"भाभीजी!" मी ओरडलो. "जमनाजी!"

"भाई साहब, जमनाजी तो रोज़ हैं. प्रभु तो एक ही बार आएँगे."

"पण ते तुमचे... मतलब, वो तो हमारे..."

"माताजी ने अभी बोला, सबके वास्ते."

मी खुरानाजींकडे वळलो. व्यापारी माणूस, काहीतरी ऐकेल! पण ते डोळे मिटून हसत होते. "साळवे जी, तीस साल से माल बेच रहा हूँ. आप हफ़्ते भर से मुझे नदी दिखा रहे हो, और माताजी ये चाहती थीं? अब तो मैं ये फ्लैट लाख रुपये ऊपर लेके भी न दूँ."

मी पार्किंगची मागणी सोडली. मी फुकट ब्लाइंड्स कबूल केले. शेवटी मी चक्क 'प्लीज' म्हणालो! माझ्या आयुष्यात मी एवढी गरज कोणाला दाखवली नव्हती, आणि जितकी दाखवत गेलो तितकं खुरानांना पूर्वेचं आकाश जास्त निळं दिसत गेलं.

जिन्यात माझा तोल गेला. "आई, एक सुस्कारा! एवढंच मागितलं होतं! आता जा नगरला, बस अंगणात!"

"कशाला जाऊ?" आई एकेक पायरी सांभाळून उतरत होती. "भाभीजींनी मला रोज सकाळी यायला सांगितलंय. खुर्चीपण ठेवणार आहेत. चांगली माणसं आहेत रे. तू उगाच घाबरत होतास विचारायला."

सुनीता कठड्याला धरून हसत होती. ती दोन मजले तशीच उतरली.

राहायला आल्यापासून आई रोज पहाटे आमच्या दारातून निघून समोरच्या दारात जाते. ते दार आतून लावलेलं नसतं. पूर्वेचं आकाश तिला मिळालं, चहा मिळाला, सोबत मिळाली. भाभीजी शेजारी जपमाळ घेऊन बसतात. काही दिवसांनी तळमजल्यावरच्या दोघीजणी येऊ लागल्या. खुरानाजी सूर्योदयाच्या आत दाढी करतात, म्हणतात, "क्या पता!" आणि मला? दुपारी दोनपासून पश्चिमेचं ऊन. ते अडवायला मी एकावर एक असे ब्लाइंड्स बसवले, तेव्हा कुठे घर थंड झालं. आता जमनाजीही दिसत नाहीत. वारा फिरला की येतो तो फक्त त्यांचा वास.

एकदा सकाळी माझी अर्धी दाढी करून झाली होती, तेवढ्यात आमची बेल कोणीतरी दाबून धरली. बाहेर खुरानाजींची आरोळी: "साळवे जी! आ गए! आ गए!"

अर्ध्या गालावर फेस, अंगात बनियन. आयुष्यात केलेले सगळे सौदे डोळ्यांसमोरून गेले, आणि ते बरेच होते! मी धावलो. (सवयीने आधी आमच्याच बाल्कनीत. ब्लाइंड्सची दोरी ओढली. म्हशी दिसल्या.) मग मागे फिरून खुरानांच्या बाल्कनीत. तिथे सगळ्याजणी हात जोडून उभ्या. नोएडाच्या वर, कोवळ्या उन्हात, लालभडक, प्रचंड, गोल असं काहीतरी ढगांतून हळूहळू आमच्याकडे येत होतं. भाभीजी रडत होत्या.

आईने शांतपणे चष्मा पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बराच वेळ निरखून पाहिलं. तो कुठल्याशा टीव्ही कंपनीच्या जाहिरातीचा फुगा होता.

"नाही," आई म्हणाली. "हा नाही. हा काहीतरी विकायला आलाय."

मग तिची नजर माझ्या फेसावरून बनियनपर्यंत फिरली. "तुझ्यातलाच दिसतोय."

त्या दिवशी मात्र माझ्या लक्षात आलं की खरंच तसा प्रसंग आला तर मला उभं राहायला त्या बाल्कनीत जागा नाही. खुर्च्या वाढल्यात, दाराशी गर्दी असते. म्हणून मी एकदा सहज, दुसऱ्याच विषयावर बोलता बोलता, खुरानाजींकडे एका खुर्चीची गोष्ट काढली. त्यांनी अंगठ्या फिरवल्या.

"जगह तो बन जाएगी जी. कोने वाली, बढ़िया. बस वो नीचे नीम के नीचे आपकी जो गाड़ी खड़ी होती है ना... मेरे लड़के ने दूसरी ले ली है."

बोलणी अजून चालू आहेत. मी एवढ्यात 'हो' म्हणणार नाही. गरज दाखवायची नाही, हा माझा नियम आहे. फक्त आईला सांगून ठेवलंय, तो मध्येच आलाच, तर त्याला पाच मिनिटं बोलण्यात गुंतव. तेवढ्यात मी कडुनिंबाखालची गाडी काढतो.