समोरच्या दारातली जीप

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. सोलापुरात आमच्या समोरच्या माणसानं लष्कराच्या लिलावातली जुनी जीप आणली होती. नाव त्याचं मी कधी विचारलं नाही. इंजिन चांगलं होतं म्हणे, पण जीप जात कुठंच नव्हती, कारण हा रोज तिच्यात काहीतरी सुधारणा करायचा. सीटला चादरीची खोळ, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा कप्पा, पानाच्या डब्याला वेगळी जागा. झालं की मागं सरकून, एक डोळा मिटून बघत राहायचा. दाखवायला आणलेली मुलगीसुद्धा कुणी एवढी निरखत नाही, बाई!

एकदा त्याच्या बायकोला मंगळवेढ्याहून आईचा निरोप आला, हुरडा आलाय, ये. हा म्हणाला, "एसटीत धक्के कशाला खातीस? जीपनंच जाऊ की." मग दर रविवारी ती पिशवी भरून दारात उभी, आणि हा काहीतरी खोलून बसलेला.

"अवो, कणसं काय माझ्यासाठी कवळी राहत्यात व्हय?" ती कडाडली.

"लई घाई तुला. एवढा पडदा बसवू दे."

पुढच्या रविवारी ती सरळ स्टँडवर गेली. हा माझ्या दारात आला, हात हिरव्या रंगानं माखलेले.

"अक्का, ही कुटं गेली? तिला चढायला तरास हुतो म्हणून आज पायरी बसवली की!"

"चढली हो ती," मी म्हटलं, "एसटीत."

वाटलं, आता तरी खजील होईल. तो पायरीकडं बघत राहिला आणि समाधानानं म्हणाला, "बरं झालं. ती येईस्तवर रंग वाळंल."