भाऊंनी उघडून बघितलेल्या फायली

भाऊ गेले त्या दिवशी मी रडायच्या आधी हार्ड डिस्क शोधत होते.

लाज वाटते, पण खरं आहे. आज वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते.

यशवंत भाऊ म्हणजे लोणावळ्यातल्या आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतले अटेंडंट. राहायला कुरवंड्यात, शिक्षण दहावी. मी इतिहास शिकवते आणि कॉलेजच्या संशोधन नियतकालिकाची संपादक आहे.
संपादक मी, राखणदार भाऊ.

आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी लागते. चपला, पट्टे, लग्नाचे अल्बम, काही सुटत नाही.
पाऊस सरला की घरोघरी गोधड्या उन्हात पडतात. भाऊ त्याच आठवड्यात आमचे जुने अंक गच्चीवर मांडायचे आणि पान न् पान उलटून ऊन दाखवायचे.

मग छपाई बंद झाली. सगळं ऑनलाइन. मला वाटलं, चला, भाऊंचा एक दिवस वाचला.

तर हे त्या दिवशी कॉम्प्युटरपुढे बसलेले! पहिल्या अंकापासून एकेक पीडीएफ उघडायची, शेवटच्या पानापर्यंत जायचं, बंद करायची, वहीत खूण करायची.

मी हसले. "भाऊ, पीडीएफला कुठं बुरशी लागते?"

"लागती म्याडम. दिसत न्हाई येवढंच. नुसतं नाव दिसतंय म्हंजी आत लेख हाय असं न्हाई. उगडून बगाया पायजे."

त्या वर्षी तीन फायली उघडल्याच नाहीत.
भाऊंनी कुठूनतरी चांगल्या प्रती आणून बसवल्या आणि मला चहा पाजला. "बगितलं का?" असंसुद्धा म्हणाले नाहीत. तेच जास्त लागलं.

एक डिस्क ते घरी ठेवतात, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, "भाऊ, पासवर्ड तरी टाका."

"आन कुलूप लावून किल्ली घिऊन मीच गेलो म्हंजी?"

मग मी त्यांना सिक्युरिटीवर भाषण दिलं. चांगली वीस मिनिटं. त्यांनी मान डोलावली, आणि ऐकलं असेल असं मी धरून चालले.

भाऊ रिटायर झाले, मग आजारी पडले.
इकडे वेबसाइटच्या पत्त्याचे आणि सर्व्हरचे वर्षाचे पैसे भरायचे राहिले. ते कुणाचं काम, यावर आमच्या दोन मीटिंगा झाल्या. तोवर आमचा पत्ता भलत्याच कुणीतरी घेतला.
एक दिवस लिंक उघडली तर समोर प्रायव्हेट पूलवाल्या व्हिलाचं बुकिंग!

सर्व्हरवरचे सगळे अंक गेले. कॉलेजची प्रत ज्या कॉम्प्युटरवर होती, तो आधीच भंगारात गेलेला.

त्यात माझाही एक लेख होता, छपाई बंद झाल्यानंतरचा, म्हणजे कागदावर कुठेच नसलेला. पवनानगरकडच्या अकरा आज्यांनी मला जुन्या भातांची नावं सांगितली होती. कुठलं कुठल्या खाचरात लावायचं, कुठलं बाळंतिणीला घालायचं.
त्यातल्या नऊ जणी आता नाहीत.
आणि माझ्या मूळ वह्या? घर बदलताना मीच रद्दीत घातल्या. लेख ऑनलाइन आहे की, म्हणून.

आजारी माणसाला हे कसं सांगायचं, यात मी दोन आठवडे घालवले. मग फोनच आला.

कुरवंड्याला गेले. भाऊंच्या पत्नी, म्हणजे आमच्या मावशी, भिंतीला टेकून बसलेल्या. मी त्यांचा हात हातात घेतला.
आणि डोळे कपाटावर. डिस्क कुठे असेल? सापडली तरी पासवर्ड? माझंच ऐकून टाकला असेल तर?
स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

माणसं जरा पांगल्यावर मावशीच उठल्या.

"म्याडम, तुमी डिस्क बगताय न्हवं? ते म्हनले व्हते, म्याडम येतील, इचारायला लाजतील. तूच आपनहून दे."

तांदळाच्या डब्यात हात घालून त्यांनी पिशवी काढली. ओल धरू नये म्हणून तांदळात ठेवलेली. आत डिस्क आणि ती वही.

पहिल्या पानावर भाऊंचं अक्षर:
"दुसरी प्रत पवनानगरला बहिणीकडे. तिसरी कामशेतला मेव्हण्याच्या दुकानात. डोंगर खाली आला तरी एक वाचेल. पासवर्ड नाही. लोकांनी वाचावं म्हणून छापलंय, त्याला कुलूप कशाला?"

तिथे मी रडले. अक्षरशः हुंदके देऊन.
लोकांना वाटलं, भाऊंसाठी. होतंच. पण जीव भांड्यात पडला होता, तेही होतं.

वहीत गेल्या वर्षीचा रकानासुद्धा पूर्ण भरलेला होता. शेवटच्या पानावरच्या खुणा मात्र वेगळ्या हाताच्या.

"त्या माज्या," मावशी म्हणाल्या. "त्यांना बसवंना. पडल्या पडल्या सांगायचे, मी ल्यापटापवर उगडायची. मला वाचाया लय येत न्हाई, पर उगडलं का न्हाई ते तर दिसतंय की."

आता आमचे सगळे अंक विद्यापीठाच्या डिजिटल संग्रहात आहेत. लांबच्या दोन ग्रंथालयांकडेही प्रती दिल्यात. प्रत्येक लेखाला कायमचा क्रमांक आहे, उद्या पत्ता बदलला तरी लेख सापडेल. या वेळी मीटिंग एकच लागली.

तरीपण आज सकाळी वही आणि लॅपटॉप घेऊन मावशींकडे गेले. अंगणात गोधड्या, पडवीत आम्ही दोघी. मी फाइल उघडायची, मावशींनी खूण करायची.

दुपारी माझा लेख आला. अकरा आज्यांची नावं, त्यांची भातं, सगळं जिथल्या तिथे. मी शेवटच्या पानापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"उगडली न्हवं?" मावशींनी विचारलं.

"हो मावशी. उघडली."

भाऊ, यंदाच्या सगळ्या उघडल्या. एकही राहिली नाही.
आता निवांत असा.
जयभीम.