मेरेआनाआंटीचं बेणं

मेरेआनाआंटी शेडमधून बाहेर आली ती लाकडी पेटी हातात घेऊन. मी कुंपणाअलीकडे माझ्या परसात बटाटे लावत होते. तिने पेटी उलटी केली. सुकलेल्या नेच्याची पानं तेवढी खाली पडली.

"माझं बेणं कुठाय?"

कोव्हाईच्या झाडांना पिवळी फुलं लगडली होती. हे दिवस आले की आमच्या खाडीकाठी घरोघरी रताळ्याचं बेणं वाफ्यात घालतात, कोंब फुटायला. आंटीचा वाफा तयार होता. वाळू मिसळून माती भुसभुशीत केलेली, वर झाकायला जुन्या खिडकीची काच धुऊन ठेवलेली. बेणंच नव्हतं.

तिचं रताळं दुकानातल्यासारखं लालबुंद, जाडजूड नव्हे. बोटाएवढं, आतून पांढरं, आणि गोड. लग्नात तिच्या आईने पदरात घातलं होतं. आईला तिच्या आईने. आंटी ते कुणाला देत नसे. चर्चच्या जेवणाला घेऊन येई ती उकडून. कच्चं रताळं तिच्या फाटकाबाहेर गेलेलं मी पाहिलं नव्हतं. लोक चिकट म्हणत. म्हणोत बापडे.

तिचा नवरा हेमी हिवाळ्यात वारला. आमच्या रीतीप्रमाणे त्याला मराएवर, म्हणजे गावाच्या सभाघरात ठेवलं, आणि मूठमाती देईपर्यंत आंटी त्याच्या उशाशी बसून राहिली. रांधायचं काम हेमीच्या पुतण्याकडे, तामातीकडे होतं. म्हणून तिने आता तामातीलाच बोलावलं.

तो टोपी हातात घेऊन आला. तेव्हाच मी समजले.

"आंटी, दक्षिणेकडून अचानक दोन बस आल्या. दुकान बंद. माणसं उपाशी पाठवायची का?"

"म्हणून माझ्या शेडात घुसलास?"

"नेच्यात गुंडाळून ठेवलेलं दिसलं. मला वाटलं, काकांसाठीच जपलंय."

"अरे गाढवा, खायचं रताळं कुणी नेच्यात गुंडाळतं का?"

तामाती पायाने माती उकरत राहिला. मग नको ते बोलला. "तुम्हीपण खाल्लंत की, आंटी. माती देऊन आल्यावर. म्हणालात, किती गोड आहे रे."

तिने फावडं भिरकावलं. माझ्या कोबीच्या रोपांत येऊन पडलं.

हे तिच्या फार जिव्हारी लागलं. स्वतःच्या तोंडाने आईचं बेणं खाल्लं, वर वाखाणलं. आणि गावात ब्र काढायची सोय नाही. मयताला आलेल्यांनी काय खाल्लं ते काढणं म्हणजे मेलेल्याची अब्रू काढणं. मग तो राग कोंबड्यांवर निघाला, रेडिओवर निघाला, माझ्यावरही निघाला. रविवारी चर्चमधल्या प्रार्थनेला मी तिच्या शेजारी होते. "आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" आलं, आणि तिने ओठ घट्ट मिटले. मी माझ्यापुरतं म्हटलं, आणि तिच्या वाटचंही हळूच म्हटलं. देव ऐकून घेतो.

परतताना गाडीत मी धीर केला. "आंटी, रिपेकाकडे आहे ते बेणं."

"त्या चोरट्या बाईचं नाव काढू नकोस!"

रिपेका हेमीची बहीण, पलीकडच्या काठावर राहणारी. कैक वर्षांपूर्वी एप्रनमध्ये लपवून तिने तीन रताळी नेली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या अंगणात वेल पसरला, आणि आंटीने पान ओळखलं. तेव्हापासून अबोला. हेमीच्या शवपेटीच्या दोन बाजूंना दोघी बसल्या, पण एकमेकींकडे पाहिलं नाही.

बुधवारी आंटी आपणहून माझ्या गाडीत येऊन बसली. फेरीबोटीने आम्ही पलीकडच्या काठावर गेलो.

रिपेकाने दार उघडलं. "वाट चुकलीस का?"

"माझा चोरीला गेलेला माल न्यायला आलेय."

"हं. तुझं बेणं उकडलं म्हणे. मीपण दोन खाल्ली."

"ओळखलंस?"

"पहिल्या घासाला."

"आणि गप्प बसलीस, भवाने!"

"तू बोलत नाहीस माझ्याशी. सांगणार कशी?"

आंटीच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मला वाटलं, आता झिंज्या धरते. रिपेका आत गेली आणि बेण्याची टोपली घेऊन आली. पण आंटीच्या हातात दिली नाही. टोपली मांडीवर घेऊन सरळ माझ्या गाडीत बसली. "तुझ्या शेडचा भरवसा नाही. मी माझ्या हाताने वाफ्यात घालणार."

वाफ्यापाशी आंटीने प्रार्थना म्हटली, दात खात. मग दोघी गुडघ्यांवर बसल्या आणि नवी जुंपली.

"टोक उगवतीकडे कर."

"आमच्याकडे खाडीकडे करतात."

"आईने मला उगवतीकडे सांगितलं होतं."

"माझ्याकडे खाडीकडेच उगवतंय इतकी वर्षं."

"उगवणारच! तेही तुझ्यासारखंच निर्लज्ज झालंय."

शेवटी अर्धी ओळ उगवतीकडे झाली, अर्धी खाडीकडे. मी काच झाकली. तामाती कुंपणाबाहेरून, भरपाई म्हणून आणलेलं दुकानातल्या रताळ्यांचं पोतं दाखवत होता. आत यायची त्याची छाती झाली नाही.

रिपेका हात झटकून उठली, रिकामी टोपली घेऊन फाटकाकडे निघाली.

"कोंब फुटले की अर्धे तुझे," आंटी तिच्या पाठीवर ओरडली. "पण मागून ने."

"मी मागणार नाही."

"मग चोरून ने," आंटी म्हणाली. "फाटकाला कडी घालत नाही मी."