ऐकून तपासलेली गणिते

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या वर्षी, ज्येष्ठात, आई गेली. मी अकरा वर्षांची होते. माझ्या पाठीवर एक भाऊ नऊ वर्षांचा, एक बहीण सात वर्षांची आणि एक भाऊ दीड वर्षाचा.

शाळा खाडीपलीकडे होती. आई आम्हाला होडीपर्यंत पोचवायला येई. आता तान्ह्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून मी घरी राहिले. मी नाही म्हणून बहीण होडीत पाय ठेवीना, आणि ती जात नाही हे पाहून भावानेही पाटी कोनाड्यात ठेवली. पंधरा दिवसांत तिघांची शाळा सुटली. वडील लावणीच्या कामात होते. त्यांनी एकदा विचारले, "आज होडी नव्हती काय?" आणि उत्तराची वाट न पाहता शेतावर निघून गेले.

मोठा भाऊ, आमचा दादा, मुंबईला एका पेढीवर कारकून होता. त्याचे लग्न होऊन आठ महिने झाले होते. वहिनी आमच्याजवळ गावीच असत, अठरा वर्षांच्या. रत्नागिरीत वाढलेल्या, मराठी सहावीपर्यंत शिकलेल्या. सातवीचे वर्ष पुरे व्हायच्या आत त्यांचे लग्न ठरले आणि फायनलची परीक्षा राहिली ती राहिलीच. एका सकाळी त्या माजघराच्या दाराआड उभ्या राहून वडिलांना म्हणाल्या, "मामंजी, मुलं घरीच राहणार असतील तर मी शिकवू का?"

"आणि घरातली कामं?"

"ती आहेतच."

वडील म्हणाले, "बघ बाई. जमलं तर बघ."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पाट्या घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसलो. वहिनी चुलीपुढे, आमच्याकडे पाठ करून. सकाळची पेज, दुपारचा भात, कुळथाची पिठी, सगळे त्यांनाच करायचे होते. वळून पाहायला सवड नव्हती. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी नियम घालून दिला: जे लिहायचे ते बोलत लिहायचे. "मला पाटी दिसत नाही. ऐकवा."

तेव्हापासून आमचा अभ्यास आवाजाने चालला. मी त्रैराशिक बोलून सोडवायची, भाऊ गुणाकार बोलून करायचा, बहीण पावकी म्हणायची, आणि मधेच तान्हा माझ्या मांडीवरून काहीतरी ओरडायचा. या गलक्यातून वहिनींना प्रत्येकाचे वेगळे ऐकू येई. भाऊ म्हणायचा, "आठ सत्ते छप्पन, सहा मांडले. आठ चोक बत्तीस, बत्तीस मांडले," की चुलीकडून आवाज यायचाच, "भावोजी, हातचे पाच कुठे सांडलेत?" एकदा बहिणीने अक्षर न बोलताच गिरवले. वहिनी फुंकणी खाली ठेवून म्हणाल्या, "वन्सं, पेन्सिल वाजली, तुम्ही वाजला नाहीत."

नात्याने आम्ही त्यांचे दीर-नणंदा. त्या आम्हाला नावाने हाक मारू शकत नव्हत्या, अरे-तुरे करू शकत नव्हत्या, आणि मारण्याचा तर प्रश्नच नव्हता. नऊ वर्षांच्या पोराला अहो-जाहो करून शिकवायचे म्हणजे काय, ते त्याच जाणोत. एका दुपारी भावाने एकच गणित चार वेळा चार तऱ्हांनी चुकवले. वहिनी शेवटी म्हणाल्या, "भावोजी, आपण गाढव आहात." तो उठून अंगणात वडिलांकडे तक्रार घेऊन गेला. वडिलांनी विचारले, "आपण म्हणाली ना?" "हो." "मग मान दिलाय तुला. जा, बस."

वहिनींचा दुसरा नियम असा की नवा धडा मिळण्याआधी कालचा धडा खालच्याला समजावायचा. मी भावाला, भावाने बहिणीला. खालच्याला तो कळला नाही तरी चालेल, पण सांगणाऱ्याचे अडखळणे वहिनी ऐकत. कुठे अडखळले ते नेमके तेवढेच पुन्हा शिकवत. भूगोलाला मात्र त्यांना वळावे लागे. चूल सारवण्याआधी त्या वैलाजवळची राख जमिनीवर पसरत आणि बोटाने मुंबई इलाख्याचा किनारा काढत. "ही आपली खाडी," म्हणून एक नखाएवढी रेघ. मग सारवणाचा हात फिरे आणि सगळा इलाखा जाई.

शेजारची काकी ताक मागायला आली की दारात उभी राहून बघत बसे. "काय गो सूनबाई, भात शिजवतेस की पोरं?"

"दोन्ही, काकी. जे आधी शिजेल ते वाढते."

"आणि ही मोठी? हिला शिकवून काय करणार? हिला आता बघायला येतील ते गणितं घालायला येतील होय?"

वहिनी हसल्या, पण ती गोष्ट हसण्यावारी गेली नाही. मी चौदा पुरी केली तेव्हा दोन ठिकाणांहून विचारणा आली. वहिनी पुन्हा त्याच दाराआड उभ्या राहिल्या. "मामंजी, एक वर्ष द्या. त्यांना फायनलला बाहेरून बसवते. पास झाल्या तर पुण्याला ट्रेनिंगला जाऊ द्या, मास्तरीण होतील. नाही झाल्या तर मी एक अक्षर बोलणार नाही."

"एकच वर्ष," वडील म्हणाले. "नापास झाली तर पुढच्या मार्गशीर्षात लग्न."

ते वर्ष आम्ही दोघींनी मिळून काढले. वहिनींना तेव्हा तान्ही मुलगी होती. सातवीची पुस्तके त्यांनी स्वतःही धड वाचली नव्हती. माहेराहून मागवली आणि मला मोठ्याने वाचायला लावून माझ्याबरोबरच शिकल्या. कधी कधी त्या म्हणत, "थांबा, मला कळलं नाही. परत वाचा." शिक्षकाने असे म्हटलेले मी नंतर फार कमी ऐकले.

परीक्षा रत्नागिरीत होती. वहिनींना येता येणार नव्हते. वडील मला त्यांच्या माहेरी सोडून परतले. पहिला कागद गणिताचा. लांब दालन, ओळीने बाके, मुली आम्ही चौघी एका कडेला. घंटा झाली आणि सगळे दालन एकदम गप्प झाले. इतकी माणसे लिहिताहेत आणि एक शब्द नाही, असे मी चार वर्षांत पाहिले नव्हते.

पहिले उदाहरण सोपे होते. बारा माणसे एक बांध पंधरा दिवसांत घालतात, तर नऊ माणसांना किती दिवस? असली शंभर मी केली होती. पण तोंड मिटून आकडे हलेनात. मांडलेला आकडा डोक्यात टिकेना, पुढचा सुचेना. टाक दौतीत बुडवत होते आणि शाई सुकत होती. किती वेळ गेला कळले नाही. मला मार्गशीर्ष दिसू लागला. आणि मग माझ्याही नकळत मी बोलू लागले.

"काय चाललंय?" देखरेखीचे मास्तर माझ्या बाकापाशी आले. वयस्क होते, डोक्याला पागोटे. त्यांनी माझा कागद उचलला. "कोणाला उत्तर सांगतेस?"

"कोणाला नाही."

"मी कानांनी ऐकलं. कोणाशी बोलत होतीस?"

खोटे बोलायला सुचलेच नाही. "वहिनींशी."

मागची मुले हसली. मास्तरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. "कुठं आहेत तुझ्या वहिनी?"

"घरी. चुलीपाशी." आणि मग मला रडू आले. रडत रडत मी सांगितले की आम्ही बोलूनच लिहितो, त्यांना पाटी दिसत नाही, पाठ असते, आणि बोलल्याशिवाय मला येत नाही.

ते कागद हातात धरून उभे राहिले. मला वाटले, आता बाहेर काढतील. तेच त्यांनी केले. मला पडवीत नेले, पाण्याच्या पिंपाशेजारी एक तिवई ठेवायला शिपायाला सांगितले आणि स्वतः दाराच्या चौकटीत खुर्ची घेऊन बसले, एक डोळा आत, एक माझ्याकडे. "हळू बोल," म्हणाले. "चुकलीस तर मी सांगणार नाही हां."

मी पिंपाकडे तोंड करून सगळा कागद बोलून सोडवला. वेळ थोडा उरला होता. शेवटचे उदाहरण राहिले. पुढच्या कागदांनाही त्यांनी मला तिथेच बसवले. त्यांचे नाव मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा भाऊ पोट धरधरून हसला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांच्या हातातले तांदूळ सुपातच राहिले. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "वन्सं, मी तुम्हाला मुक्याने लिहायला शिकवलंच नाही." निकाल लागेपर्यंत त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, लाज त्यांनाच वाटत होती. मी त्यांना म्हणायला हवे होते की मला जे काही आले ते त्या आवाजामुळेच आले. तेव्हा ते सुचले नाही.

मी परतले त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच त्यांनी धाकट्यांना रोज एक तास मुक्याने लिहायला बसवले. त्या तासाला चुलीपुढे त्यांना चैन पडत नसे. भांडी उगाच इकडची तिकडे करत आणि म्हणत, "काय चाललंय तुमचं, काही कळत नाही."

निकालाचे पत्र आले. गणितात जेमतेम, पण पास झाले होते. वडिलांनी पत्र दोनदा वाचले आणि वहिनींच्या हातात दिले, माझ्या नाही. "तुझं आहे," ते म्हणाले.

मी पुण्याला गेले, ट्रेनिंग पुरे केले, रत्नागिरीत मुलींच्या शाळेत लागले. भाऊ खाडीपलीकडच्या शाळेत गेला आणि मग दादाकडे मुंबईला. बहिणीला तिसरीत घालणार होते, पण ती थेट पाचवीत बसली. सुट्टीत घरी आले की मी वहिनींना म्हणे, आता तुम्ही बसा फायनलला, मी शिकवते. त्या म्हणत, "बसेन की. हे एवढं पोराचं उरकू दे." मुलीनंतर मुलगा झाला होता. मग बारीक ताप येऊ लागला, आणि गेल्या पौषात त्या गेल्या. तीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या.

तेराव्याला वडील मला म्हणाले, "पोरांचं काय?" दादाची मुंबईची खोली दोघा भावांनाच अपुरी. मला पगार होता, भाड्याच्या दोन खोल्या होत्या, आणि हे दोन्ही कोणामुळे होते ते आम्हा दोघांनाही माहीत होते. मी म्हटले, "मी नेते."

आता वहिनींची दोन्ही मुले माझ्याजवळ आहेत. मुलगी दुसरीत आहे. मुलगा यंदा पहिलीआधीच्या बिगरीत बसला.