ओरेस्तेचं तिसरं नाव

रेजिस मोकूर आमच्या गावात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट केस होते. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण ते मीच कापायचो. शहात्तर साल होतं. गावातल्या शाळेत इतिहासाचा मास्तर म्हणून लागला होता. दर शनिवारी माझ्या खुर्चीत बसायचा. केसांपेक्षा कानांचाच उपयोग जास्त करायचा.

आमचं गाव लोखंडाच्या खाणीचं. इटलीहून नाहीतर पोलंडहून आलेल्यांची घरं. अस्सल फ्रेंच म्हणाल तर साहेब आणि पोलीस.

"या देशानं तुमची नावंसुद्धा लिहून ठेवली नाहीत, उगो," मास्तर म्हणायचा. "मी ठेवणार आहे."

"ठेवली आहेत की, मास्तर. पोलीस चौकीत जाऊन बघा."

हसायचा, पण वहीत लिहून घ्यायचा. मग त्यानं टेपरेकॉर्डर घेतला आणि मी त्याला घरं दाखवत सुटलो. दोन संसार चालवणारा कोचिक, संपाच्या दिवसांत मागच्या दारानं कामावर गेलेला पेरूज्जी, सगळे मीच दिले त्याला. एका घरची बातमी दुसऱ्या घरी पोचवायला इतका शिकलेला माणूस मिळाला, याचा मला आनंदच झाला होता.

आणि नीवेसकडेही मीच नेलं. ते मला आजही खातं.

नीवेस गोरी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. जाडजूड हात, मोजकं बोलणं. दर एक नोव्हेंबरला, कबरींवर फुलं ठेवायच्या सणाला, शेवंतीची कुंडी घेऊन बापाच्या कबरीवर जायची. दगडावर लिहिलेलं: आल्दो गोरी, एकतीस साली खाणीत दरड कोसळून मृत्यू. कुंडी ठेवताना ती दगडाकडे बघायची नाही, हे गावात फक्त माझ्या लक्षात आलं होतं. मास्तरच्या कानावर मी तेच घातलं.

तिनं आम्हा दोघांना एका रविवारी बोलावलं. "तू पण बस, उगो," म्हणाली. "परका पुरुष एकटा घरात आला म्हणून उद्या गावभर बोंब व्हायला नको. आणि ती सगळ्यांत आधी तूच मारशील."

मक्याच्या पिठाचा पोलेंटा वाढला, मिराबेलच्या फळांच्या दारूची बाटली काढली, टेप सुरू झाल्यावर हात पुसून समोर बसली.

तिचा बाप आल्दो गोरी नव्हताच. आल्दो हा बापाचा मावसभाऊ. त्याला खाणीचं कामाचं कार्ड मिळालं, पण एक दिवस खाली उतरून वर आला तो थेट अर्जेंटिनाला पळाला. इकडे नीवेसचा बाप इटलीतल्या काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्टांच्या मारापासून जीव वाचवून डोंगर ओलांडून आलेला, खिशात चिटोरंही नाही. त्यानं भावाचं कार्ड घेतलं. सात वर्षं आल्दो म्हणून खाणीत उतरला, आल्दो म्हणूनच मेला. बायकोला विधवेचं पेन्शन मिळालं तेही आल्दोच्या नावानं, म्हणून आईनं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही.

"आणि तो खरा आल्दो?" मी विचारलं.

"गेला गेल्या वर्षी. सहा पोरं आहेत त्याला. दर नाताळला कार्ड पाठवायचा. माझ्या बापाच्या थडग्यावर ज्याचं नाव, तो मला नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायचा."

आई गेल्यावर दगडावरचं नाव बदलून घ्यायला नीवेस नगरपालिकेत गेली होती. कारकून म्हणाला, पुरावा आणा बाई, काहीतरी छापील आणा.

"तर माझी एकच अट, मास्तर. नाव छापायचं. ओरेस्ते बार्देल्ली. छापलेलं मला डोळ्यांनी बघायचंय."

मास्तरनं छातीवर हात ठेवला. "मादाम, त्यासाठीच तर हे पुस्तक."

टेप चालू होती. मी शेजारी होतो.

चौऱ्यांशी साली पुस्तक आलं. तोवर मास्तर पॅरिसला पोचला होता. पुस्तकात सगळ्यांची नावं बदललेली, म्हणे लोकांना त्रास होऊ नये म्हणून. आता कोचिकचं नाव नोवाक केलं तरी दोन बायका आणि कोपऱ्यावरचा कोबीचा वाफा तसाच ठेवला होता. पाच मिनिटांत गावानं ओळखला. पेरूज्जीला तर दुकानात उधार मिळेना. मी 'बडबड्या न्हावी झेड' झालो होतो. तेवढ्यानं मी लपेन, असं त्याला वाटलं असेल.

सगळे ओळखू आले. एकच माणूस कुणाला ओळखू आला नाही, कारण त्याचं खरं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण त्याच्यावर होतं. नाव दिलं होतं मारिओ रोस्सी. इटलीत हाक मारली तर अर्धा रस्ता वळून बघेल असं नाव.

नगरपालिकेच्या सभागृहात मास्तरनं ते प्रकरण वाचून दाखवलं. बायका रडल्या. नीवेस पहिल्या रांगेतून उठली.

"हा रोस्सी कोण?"

"तुमचे वडील, मादाम. आमच्यात अशी पद्धत आहे."

"माझ्या बापाला एक नाव त्याच्या आईनं दिलं, एक कंपनीनं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

मास्तर लाल झाला. पुढच्या आवृत्तीत नक्की, म्हणाला. नीवेस थांबली. पंधरा वर्षं थांबली. पुढची आवृत्ती आली, जाड, फोटोंसकट. रोस्सी तसाच. मास्तरचं पत्र आलं: दुसऱ्या विद्वानांनी आता 'रोस्सी प्रकरण' म्हणून आपापल्या पुस्तकांत घेतलं आहे, नाव बदललं तर घोटाळा होईल, क्षमा असावी. नीवेसनं ते पत्र मला वाचायला लावलं. वाचून झाल्यावर म्हणाली, "चांगलं वाचतोस. आता चुलीत घाल."

पुढे विद्यापीठातली पोरं कॅमेरे घेऊन कबरस्तानात यायला लागली. रोस्सीची कबर कुठे, विचारायची. रखवालदार सांगायचा, या गावात रोस्सी कधी मेलाच नाही. नीवेस तेव्हा दोन पावलांवर शेवंतीला पाणी घालत असायची.

दोन हजार आठ साली ती गेली. बापाच्या दगडाला हात लावायची परवानगी नव्हती, पण स्वतःच्या दगडावर काय कोरायचं ते कारकुनाला विचारावं लागत नाही. तो तिनं आधीच कोरून ठेवला होता.

मास्तर पॅरिसहून आला. डोक्यावर आता माझ्या कात्रीला काही काम उरलं नव्हतं. डोळे खरोखर ओले होते, खोटं कशाला सांगू. रोस्सीच्या मुलीशिवाय मी कुणी झालो नसतो, असं मला दोनदा म्हणाला. मग चष्मा लावून दगडाजवळ वाकला आणि मोठ्यानं वाचलं: "नीवेस. ओरेस्ते बार्देल्लीची मुलगी."

खिशातून वही काढली.

"उगो," त्यानं हळूच विचारलं, "हा बार्देल्ली कोण?"

बत्तीस वर्षं या माणसानं विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

"घरी ती टेप असेल, मास्तर," मी म्हणालो. "ऐका."

आणि टोपी घालून चालू लागलो.