मालकांनी नापसंत केलेला समुद्र

समुद्र एकदाही न पाहता समुद्राकाठची चाळीसेक घरं नापसंत करणारा माणूस आमच्या मालकांशिवाय दुसरा कुणी असेल, तर त्याच्या नोकराची मला दया येते. रायपूरच्या गोल बाजारात यांचं भांड्यांचं दुकान. नववीत शाळा सोडून मी कोकणातून इतक्या लांब आलो, तेव्हा दाखला-बिखला न मागता यांनी मला कामाला ठेवलं, तात्यापारा वस्तीतल्या स्वतःच्या घरात खोली दिली, काकूंनी, म्हणजे मालकीणबाईंनी, पहिल्याच दिवशी ताट वाढलं. हे मी विसरत नाही. म्हणून तर राग धड काढताही येत नाही. नुसता आत उकळत राहतो.

रागाचं कारण माझं गाव. तीन बाजूंना समुद्र, आणि मधे माड, फणस, काजूची इतकी दाट झाडी की भर दुपारी अंगणात ऊन शोधावं लागतं. आई तिथे एकटी असते. चार वर्षं मी गेलेलो नाही. सुट्टी मागितली की मालक म्हणतात, "एकटा काहून जाऊन राहिला बे? आम्हालेबी पाहू दे तुहा समुद्र. मिळून जाऊ. फक्त राहाची जागा ठरू दे." आणि जागा काही ठरत नाही! कारण हे जागाही भांड्यासारखीच पारखतात. पितळेचा नवा माल आला की प्रत्येक भांडं कानाशी धरून टिचकी मारायची. नाद फुटका आला की माल परत. तसंच इथे. फोन लावायचा आणि पलीकडच्या बिचाऱ्याला सांगायचं, "भाऊ, फोन जरा बाहेर धरा, मले समुद्र ऐकू द्या." एका ठिकाणी समुद्र "लई बोलते, झोप कशी लागन?" दुसरीकडे ऐकूच येईना, "मंग आपल्या रायपूरचा बुढा तालाब काय वाईट आहे?" तिसरीकडे माडांची सळसळ आली, तर नारळ डोक्यात पडायची भीती. एकाने वैतागून विचारलं, "काका, राहायचंय की नुसतं ऐकायचंय?" हे शांतपणे म्हणाले, "ऐकल्याबिगर आम्ही पितळेचा गंजबी घेत नाही."

गेल्या आठवड्यात मी चिडून आईचाच नंबर लावून दिला. मागच्या दोन खोल्या ती पाहुण्यांना भाड्याने देते. "आयकाक येता मां?" असं विचारत ती फोन घेऊन पार पाण्यात उतरली. गुडघे दुखतात तिचे. दोघं बराच वेळ बोलले. मग मालकांनी फोन ठेवला आणि ते म्हणाले, "नाही जमत."

माझा तोल सुटला. "काकाजी, ती माझी आई आहे! तुमच्यासाठी ती पाण्यात जाऊन उभी राहिली! बस झालं. सोमवारी मी चाललो. एकटा. तुम्ही बसा फोन लावत!"

दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही वळून बघू लागलं. काकू डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सांगून टाका न जी आता त्याले, जागा काहून ठरत नाही ते."

मालक एक पुसलेलंच पातेलं पुसत राहिले. "तुही माय म्हणे, पोराची खाट अजून तशीच ठेवली आहे. आला का मंग सोडत नाही म्हणे." मग खाली बघतच विचारलं, "वापसीचं तिकीट काढलं का बे?"

काढलं नव्हतं. काढायचं सुचलंही नव्हतं. "काढतो," मी म्हणालो.

उद्या सोमवार. पिशवी भरून झाली, काकूंनी आईसाठी मुगवड्या बांधून दिल्या. तिकीट एकाच बाजूचं आहे, आणि मालकांनी पुन्हा विचारलेलं नाही.